घंटी आणि पाठमोरे सर

राहनाळच्या एका शाळेनं आमच्या सामाजिक मंडळाला बोलावलं होतं. वार्षिक परीक्षेआधी मुलांची उजळणी म्हणून प्रश्नमंजूषा घ्या, गट पाडा, घंट्या लावा, आणि जमलं तर तेच गुण आम्ही तोंडी परीक्षेला धरू, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. मंडळातले सगळे खूश. मुलांना मजा येते, शिक्षकांचा पेपर तपासायचा वेळ वाचतो, मंडळाचं नाव होतं. मी एकटीनं नाही म्हटलं.

"हिला मजा बघवतच नाही," आमच्यातला एकजण म्हणाला. "पत्रकं लिहून लिहून तोंडच पत्रकासारखं झालंय हिचं. वर मथळा, खाली निषेध."

सगळे हसले. मी म्हटलं, घंट्या लावणार असाल तर मी येणार नाही, आणि का येणार नाही ते लिहून देते. पत्रक लिहायला बसले. एका पानात मावेना. मावणार नव्हतंच.

मी नववीत होते. आमची शाळा कामतघरची, मराठी माध्यमाची, आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. खिडक्या लावल्या तरी खटखट आत यायचीच. आम्हाला तिची एवढी सवय की लाईट गेली आणि लूम थांबले की आधी सगळा वर्ग दचकायचा, मग कुणीतरी म्हणायचं, "सर, आता शिकवा, आता ऐकू येतंय." आणि सर हसायचे.

हे सर विज्ञानाचे. तरुण होते, उत्साही होते, छडी वापरायचे नाहीत. टीव्हीवर तेव्हा प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांचं वेड होतं. सरांनी ते वर्गात आणलं. सायकलच्या दोन घंट्या दोन लाकडी पट्ट्यांवर स्क्रूनं बसवल्या, एक डावीकडच्या रांगेच्या पहिल्या बाकावर, एक उजवीकडच्या. एकेका रांगेचा एक गट, मुलंमुली मिसळून पाडलेला. घंटी आधी वाजवेल त्याच्या गटाला उत्तराचा हक्क. बरोबर आलं तर गुण, चुकलं किंवा घंटी वाजवून गप्प बसलं तर गुण कट. प्रश्न एकदाच वाचणार. गुण फळ्यावर.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही आवडलं. धड्याखालचे प्रश्न कुणी स्वतःहून वाचत नव्हतं, ते पोरं जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारायला लागली. ज्यांनी कधी हात वर केला नव्हता ते घंटीसाठी भांडायला लागले.

त्या पहिल्या दिवशी लाईट गेलेली होती. लोडशेडिंगची वेळ. लूम बंद, शाळेभोवती सामसूम. आणि त्या सामसुमीत सगळ्यात जास्त घंटी वाजवली ती माझ्या मैत्रिणीनं. वनस्पतीच्या पानांतून बाष्प बाहेर पडतं त्याला काय म्हणतात, वातावरणाचा सगळ्यात खालचा थर कोणता, सर प्रश्न संपवतायत तोवर हिचा हात घंटीवर. सर खूश झाले. "ही इतके दिवस कुठं लपली होती?" म्हणाले, आणि तिला तिच्या गटाची कॅप्टन केलं. मी दुसऱ्या गटात होते. आम्ही सपाटून हरलो.

ती इतके दिवस कुठं लपली होती ते मला माहीत होतं. तिला ऐकू कमी यायचं.

ती आणि मी एकाच चाळीत राहायचो. तिच्या खोलीची आणि कारखान्याची भिंत एकच. तिची आई त्याच कारखान्यात कांडी भरायला जायची, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळायच्या मशिनवर. ही तान्ही असल्यापासून त्या मशिनशेजारी गोधडीवर झोपलेली. लहानपणी कान फुटायचा, त्यावर गरम तेल, लसूण, सगळं झालं, डॉक्टर तेवढा झाला नाही. शांत जागी जवळून बोललं तर तिला बरंचसं कळायचं. लूम चालू असले की ती फक्त ओठ वाचायची.

आणि ओठ वाचणं आमच्याकडं नवलाचं नाही. कारखान्यात आवाजानं बोलून काही होत नाही. माझे वडील लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. त्यांचा डबा घेऊन गेले की ते लांबूनच तोंड मोठं मोठं हलवून विचारायचे, भाजी काय? मी हातानं सांगायचे. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची खूण. शेठची खूण म्हणजे पोटावरून गोल हात. मैत्रीण आणि मी त्याच भाषेत वर्गात गप्पा मारायचो आणि कधी पकडलो गेलो नाही. म्हणून तिचे कान कुणाच्या लक्षात आले नाहीत. ती बाईंच्या, सरांच्या तोंडाकडं टक लावून बघायची, ते म्हणायचे, किती लक्ष आहे हिचं. ते फळ्याकडं वळले की तिचा धडा तिथंच तुटायचा. लेखी परीक्षेत ती कायम काठावर असायची, कारण पुस्तकात होतं तेवढंच तिला मिळायचं, शिकवलेलं अर्धंच.

दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं की प्रश्नमंजूषेत गटाला मिळालेले गुण आता गटातल्या प्रत्येकाच्या विज्ञानाच्या तोंडी परीक्षेला धरणार. वर्ग ओरडला, आनंदानं. मी मैत्रिणीकडं बघितलं, ती माझ्याकडं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेला दहावीचा निकाल शंभर टक्के लागायला हवा असतो, बाहेर फलक लावायला. म्हणून नववीत गाळणी लावतात. जो काठावर आहे त्याच्या आईबापांना बोलावून गोड बोलायचं, तुमच्या मुलाला झेपायचं नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसवा. म्हणजे नाव शाळेतून कमी, शिकवणं बंद, नापास झाला तर शाळेच्या निकालात नाही. मैत्रीण काठावरच होती. विज्ञानाचे तोंडी गुण आले तर ती दहावीला आमच्या बाकावर, नाही आले तर तिच्यापुढं सतरा नंबरचा फॉर्म. आणि आमच्या चाळीत ज्या मुलीनं सतरा नंबरचा फॉर्म भरला ती महिन्याभरात कांडीवर दिसायची, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मी काकींना, म्हणजे तिच्या आईला, जाऊन म्हटलं, सरांना सांगूया. काकी वज्रेश्वरीकडच्या खेड्यातल्या. मशिनवरून उतरून आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू.

"काय सांगाचं?"

"की हिला ऐकू कमी येतं."

"कोन बोलला? तिला काय न्हाय झालं. बोलावलं की येते, पानी मांगितलं की देते."

"काकी, ती तुमच्या तोंडाकडं बघून..."

"हे बघ पोरी." काकींनी दार ओढून घेतलं. "हिच्या मोठ्या बहिनीचं जमतंय. पावने येऊन गेले. घरात एक पोर बहिरी हाय असं बाहेर गेलं ना, तर ते बोलतील दुसरी पन तशीच निघंल, तिची पोरं पन तशीच. मग दोघी बसल्या घरी. तू संभालशील?"

मैत्रीण कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "तू बोललीस तर आपलं बोलणं बंद."

मग मी काय करणार? गप्प बसले. आजही मला पटत नाही, पण तेव्हाही तो निर्णय माझा नव्हताच.

पुढच्या फेरीला लाईट होती. लूम जोरात. आणि सरांची एक सवय होती, ती त्या दिवसापर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. ते गुण फळ्यावर लिहिता लिहिताच पुढचा प्रश्न विचारायचे. वेळ वाचवायला. पाठ वर्गाकडं, तोंड फळ्याकडं, खडू चालू, प्रश्न चालू. आम्हाला कळायचं. तिच्यासाठी ते नुसते एक पाठमोरे सर होते.

दोन-तीन प्रश्न तिनं जाऊ दिले. गटातली पोरं कुजबुजायला लागली, "कॅप्टन, झोपली काय?" मग तिनं अंदाज केला. धड्यात ज्या क्रमानं प्रश्न असतात त्याच क्रमानं सर विचारतील असं धरून घंटी वाजवली आणि आत्मविश्वासानं उत्तर दिलं. सर वळले.

"प्रश्न काय, उत्तर काय?"

वर्ग हसला. गुण कट. मागून एकजण म्हणाला, "सर, ही वज्रेश्वरीच्या देवळात आल्यासारखी करते. घंटा वाजवली, झालं दर्शन." सरसुद्धा हसले. वाईटपणानं नाही. विनोद चांगला होता, हीच तर अडचण होती.

पुढचा प्रश्न सरांनी पुन्हा पाठमोरं विचारला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पलीकडच्या रांगेत, दुसऱ्या गटात. मी ओठ हलवून, हातानं, प्रश्न तिला दिला. फक्त प्रश्न. तिनं घंटी वाजवली, उत्तर बरोबर आलं. त्याच्या पुढचा पण. तिसऱ्याला आमच्याच गटातला एक मुलगा उभा राहिला.

"सर, चीटिंग चालू आहे. ही तिला हातानं उत्तरं सांगते. आपल्या गटाची असून."

"गद्दार," माझ्या शेजारची म्हणाली, हळूच, मला ऐकू जाईल इतपत.

सरांनी खडू ठेवला. मला उभं केलं. "काय सांगत होतीस?"

"प्रश्न सांगत होते सर. उत्तर नाही."

"प्रश्न मी सांगितलाच आहे. सगळ्यांनी ऐकलाय. तो परत कशाला सांगायचा?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. आख्ख्या वर्गात फक्त मलाच येत होतं. मैत्रिणीनं बाकाखालून हाताची खूण केली, लूम बंद करायची, मूठ मिटून खाली ओढायची. गप्प.

"बोल ना."

सरांनी तिच्या गटाचे त्या फेरीचे सगळे गुण पुसले, आमचेही काही कापले. दोन्ही गटांनी आम्हा दोघींशी बोलणं टाकलं. सर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." हे वाक्य मी पुढं मोर्च्यांत, कचेऱ्यांत, साहेबांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते तिथं. नियम सगळ्यांना सारखा असतो, तो बनवताना वर्ग सारखा आहे असं धरलेलं असतं, आणि ते कुणी तपासलेलं नसतं.

काकींना शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत बाई, सर आणि काकी. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांपाशी. लूम चालू होते, मला आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिला सगळं दिसत होतं.

"काय बोलतायत?" मी विचारलं.

"बाई म्हणतात, एका वेळेला सगळं येतं, एका वेळेला काहीच नाही. म्हणजे अभ्यास करत नाही नाहीतर कॉपी करते."

"आणि काकी?"

आत काकी पदर तोंडाजवळ नेत होत्या, मग बाजूला करत होत्या.

"आई म्हणते, पोरगी पहिल्यापासून ढ हाय. तिच्या डोस्क्यात जात न्हाय. फॉर्म द्या, भरते."

तिच्या तोंडावर मला काहीच दिसलं नाही. ती सरळ दारातून आत गेली. मी मागोमाग. तिनं कुणाकडंही न बघता, नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगितलं, "मला ऐकायला कमी येतं. तोंड दिसलं की कळतं. सर फळ्याकडं बघून विचारतात. मी ढ नाहीये."

काकी खाली बसल्या, भुईवरच.

सर गोंधळले. बाई सावरल्या, त्यांना सवय असते. "मग हे आधी सांगायचं ना. अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते. इथं आम्ही काय करणार?"

सर म्हणाले, "बाई, शेवटची फेरी बाकी आहे. मी तिच्याकडं तोंड करून विचारीन. तिला येतं, मी बघितलंय. तेवढे गुण पडले तर घेऊ दहावीला."

बाईंनी मान हलवली. ठरलं. बाहेर आल्यावर काकी मला म्हणाल्या, "हे बोलाला तूच शिकवलंस तिला."

"तिनं नाही," मैत्रीण म्हणाली. "मी."

काकी पुढं चालायला लागल्या. कारखान्याच्या दारापर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

शेवटच्या फेरीला सुरुवात झाली तेव्हा लाईट गेलेली होती. सर टेबलाला टेकून, तिच्याकडं तोंड करून, प्रश्न विचारत होते, इतकं हळू की पोरं वैतागली. तिनं घंटी वाजवली, उत्तर दिलं. पुन्हा वाजवली, पुन्हा दिलं. तिच्या गटातला तो वज्रेश्वरीचा विनोद करणारा मुलगा "कॅप्टन जागी झाली" म्हणाला आणि ती हसली. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग लाईट आली. मागं एकेक लूम सुरू झाला. खेळ रंगात आला होता, दोन्ही गट बरोबरीत, तास संपत आलेला. सरांनी खडू उचलला, गुण लिहायला वळले, आणि लिहिता लिहिता पुढचा प्रश्न विचारला. फळ्याला.

ते विसरले. मुद्दाम नाही. इतक्या दिवसांची सवय, ती बाईंच्या खोलीतल्या शब्दानं जात नाही.

तिनं घंटी वाजवली. सर वळले. "हां, सांग."

"सर, इकडं तोंड करून विचारा."

"सॉरी, सॉरी." त्यांनी पुन्हा विचारला. पण आमच्या गटातला मुलगा उभा राहिलाच. "सर, घंटी वाजवून उत्तर दिलं नाही. गुण कट." आणि वर्ग ओरडायला लागला, "नियम, सर, नियम." सरांनी तिच्याकडं बघितलं, वर्गाकडं बघितलं. एक गुण कापला. "पुढच्या वेळी हात वर कर, घंटी नको," म्हणाले.

पुढच्या वेळी ते पुन्हा वळलेले होते. पाठमोऱ्या माणसाला वर केलेला हात कसा दिसणार? तिनं हात वर केला, थोडा वेळ धरला, आणि खाली आणून घंटी वाजवली.

"सर, इकडं."

गुण कट. तिच्याच गटातली पोरं आता तिचा हात धरायला लागली. "अगं, सोड ना, हरतोय आपण." तिनं घंटीची पट्टी उचलून छातीशी धरली. पुढचा प्रश्न पाठमोरा आला, तिनं वाजवली. त्याच्या पुढचा, वाजवली. प्रत्येक वेळी सर वळायचे, प्रत्येक वेळी तोंड दिसल्यावर ती उत्तर द्यायची, बहुतेक बरोबर द्यायची, आणि प्रत्येक वेळी मिळालेला गुण कापलेल्यात जायचा. शेवटी सर खडू हातात घेऊन नुसते उभे राहिले. शाळेची घंटा झाली. फळ्यावर तिच्या गटाच्या खाली जे उरलं होतं ते पुरेसं नव्हतं. सर त्याच्याकडं बघत राहिले, पण त्यांनी ते पुसलं नाही. वर्गासमोर लिहिलेलं होतं ना.

दहावीला ती आमच्या बाकावर आली नाही. सतरा नंबरचा फॉर्म सरांनी स्वतः भरून दिला, सुंदर अक्षरात, आणि स्वतःची जुनी पुस्तकं आणून दिली. तो माणूस दुष्ट असता तर हे लिहिणं फार सोपं झालं असतं. ती दुपारी कांडीवर बसायची आणि संध्याकाळी माझ्या वहीतून अभ्यास करायची. बाहेरून परीक्षा दिली, पास झाली. बहिणीचं लग्न त्याच पाव्हण्यांकडं झालं, त्यांनी कानाबद्दल विचारलंसुद्धा नाही. काकी माझ्याशी आता बोलतात, पण जेवढ्यास तेवढं.

मैत्रीण सध्या राहनाळलाच एका गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करते. एका कानाला ऐकायचं मशिन आहे, गोडाऊनमध्ये ट्रक खाली होत असले की काढून ठेवते. मी माझं पत्रक घेऊन तिच्याकडं गेले. वर मथळा होता: वर्गातल्या घंट्या बंद करा. खाली मी लिहिलं होतं की ज्या खेळात पहिला कोण एवढंच मोजतात, तो उजळणीला ठेवा, परीक्षेला नको, आणि घंटी तर नकोच नको. तिनं सगळं वाचलं. पेन मागितलं. मला वाटलं सही करतेय.

तिनं मथळा खोडला, आणि खाली घंटीचं होतं तेवढंही.

"अगं, पण तुझं सगळं त्या घंटीनं गेलं," मी म्हटलं.

"गुणांचं लिहिलंयस ते राहू दे," ती म्हणाली. "घंटी कशाला काढतेस? ती वाजवली की ते वळायचे."

बाहेर ट्रक मागं घेत होते, हमाल ओरडत होते. तिनं मशिन कानातून काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली, मी काय म्हणते त्याची वाट बघत.